सवलतीच्या दरातला गरुड

गरुड बघायला निघणाऱ्या माणसाने आधी विचारून घ्यावं, की तो कधी दिसतो. मी विचारलं होतं. उत्तरही मिळालं होतं. ते मी मानलं नाही. प्रवासाची सगळी हकीकत खरं तर एवढ्यातच संपते. पण सकलेशपूरच्या पुढच्या डोंगरांत जाण्याचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी निदान माझी चूक करू नये, स्वतःची नवी करावी, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

बसवनगुडी

मी नळ विकतो. नळ, पाइप, टाक्या, आणि सांध्यातून पाणी गळू नये म्हणून गुंडाळायची पांढरी पट्टी. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात पाइप कापायला लागलो आणि तिशीत बसवनगुडीत स्वतःचं शटर वर केलं. आमचं घराणं चार पिढ्या बेंगळूरचं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि रागात दोन्ही. हा रागच मला पक्ष्यांकडे घेऊन गेला. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "समोरचा उलट बोलणार नाही असा एखादा छंद लावून घ्या, जाधव." म्हणून मी दर रविवारी आमच्या भागातल्या तळ्यावर पक्षी बघणाऱ्या मंडळींत जाऊ लागलो. पक्षी उलट बोलत नाहीत हे खरं. पक्षी बघणारे बोलतात, हे डॉक्टरांना ठाऊक नसावं.

या मंडळींत बहुतेक जण सरकारी कारखान्यांतून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांचे म्होरके आपटे. मूळचे पुण्याचे, पस्तीस वर्षं बेंगळुरात, वय बहात्तर, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्य आधी मोजपट्टीवर ठेवून पाहिलंय. मंडळाची नोंदवही त्यांच्या ताब्यात. नियम त्यांनीच केलेला: दुर्मीळ पक्ष्याची नोंद करायची तर फोटो हवा, नाहीतर दोन साक्षीदार हवेत.

दोन वर्षांपूर्वी महादेवपुऱ्यात एका नव्या इमारतीच्या गच्चीवर मी टाकीची जोडणी तपासत होतो. मान वर केली आणि काळा गरुड दिसला. डोंगराळ जंगलातला पक्षी, शहरात कुणी पाहिलेला नाही. लांब काळे पंख, टोकाला बोटांसारखी फाकलेली पिसं, पिवळे पाय, सरळ शेपूट. एका हातात पाना, दुसऱ्यात पाइप. फोटो कशाने काढणार? साक्षीदार म्हणून फक्त टाकी. रविवारी मी ते मोठ्या थाटात सांगितलं. आपट्यांनी चष्मा पुसला, वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली: "घार असावी. नामंजूर."

घार! बेंगळुरात कावळ्यांच्या खालोखाल घारी. पन्नास वर्षं मी त्या बघतोय. मला घार कळत नाही?

त्या दिवसापासून मी ही तक्रार पोसतोय. गिऱ्हाइकांना सांगितली, व्याह्यांना सांगितली, एकदा सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्यालाही सांगितली. माझी बायको सुमन म्हणते, "अहो, दोन वर्षं झाली. ती घारसुद्धा विसरली असेल."

"घार नव्हती ती!"

"बघा. परत सुरू."

मग श्रावणात आपट्यांनी जाहीर केलं, की त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय आणि त्याआधी त्यांना एकदा घाटात जायचंय. तांबड्या पोटाचा गरुड त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. पाठ काळी, गळा पांढराशुभ्र, पोट विटेसारखं तांबूस. पश्चिम घाटात आहे, पण फार थोडा. तीस वर्षं ते त्याच्यासाठी हिंडतायत आणि दर वेळी तो आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी दिसलेला असतो. ऑपरेशननंतर डोंगर चढता येईलच असं डॉक्टर सांगत नव्हते. मंडळातले बाकीचे लोक गुडघे, नातवंडं आणि मधुमेह यांत अडकलेले. आपट्यांनी गाडी चालवणं सोडलेलं.

"मी नेतो तुम्हाला," मी म्हणालो. "बंदोबस्त माझ्याकडे."

हे औदार्य नव्हतं. त्याच डोंगरांत काळा गरुडही असतो. तो आपट्यांच्या डोक्यावर फिरायला लागला, की मी शांतपणे म्हणणार होतो, "आपटेसाहेब, हाच तो." पुढचं वाक्य त्यांनी बोलायचं होतं. ते वाक्य मी दोन वर्षं त्यांच्या वतीने पाठ करत होतो.

घाटाच्या धारेवर सुब्बण्णा नावाचे कॉफीवाले आपल्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात असं कळलं. मी फोन लावला. बोलणं कन्नडात झालं, इथे मराठीत देतो.

"गणपती उठले की येतो. तीन रात्री. दर खूप आहे तुमचा."

"सरी," सुब्बण्णा म्हणाले. "तुम्ही म्हणाल तो."

मी दचकलो. इतक्या लवकर मान्य करणारा माणूस काहीतरी लपवत असतो. मी आणखी खाली उतरलो. "जेवण त्यातच."

"सरी."

"आणि धारेपर्यंत वाट दाखवायला तुम्ही स्वतः यायचं."

"सरी, अण्णा. पण एक सांगू? तेव्हा येऊ नका. धुकं असतं. दीपावलीनंतर या."

इथे माझ्या डोक्यात दिवा लागला. दीपावलीनंतर म्हणजे हंगाम, हंगाम म्हणजे चढा दर. ही चाल मला नवी नाही. गिऱ्हाइकाने स्वस्तातला नळ हातात घेतला की मी स्वतः म्हणतो, "साहेब, हा सहा महिन्यांत गळेल." तो हसतो, कारण त्याला वाटतं मी महागाचा खपवतोय. नळ खरोखरच सहा महिन्यांत गळतो, हा भाग मला फोनवर असताना आठवला नाही.

"धुकं असू दे," मी म्हणालो. "आम्ही गणपतीनंतरच येणार. याच दरात."

"दराचं नाही हो. पक्षी—"

"याच दरात!"

"सरी," सुब्बण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला पराभव ऐकू आला. आता वाटतं, ती दया होती.

आपट्यांनी विचारलं, "पावसाळा पुरता सरलेला नसेल. मालकाला धुक्याचं विचारलंत का?"

"विचारलं," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. त्यांनी काय उत्तर मिळालं ते विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यांनी निश्चिंतपणे ऑपरेशनची तारीख दिवाळीच्या आधीची घेऊन टाकली.

पहिला दिवस

हासनपर्यंत लख्ख ऊन. मी दोनदा मुद्दाम म्हणालो, "काय हवा आहे!" सकलेशपूर मागे पडलं, रस्ता चढू लागला, आणि एका वळणानंतर कुणीतरी गाडीवर ओली चादर टाकावी तसं धुकं आलं. दिवे लावले तर ते जास्तच पांढरं झालं. आपट्यांनी खिडकीची काच आतून पुसली, मग बाहेरून पुसली, आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ झालेल्या काचेतून काहीही न दिसणारं बाहेर बघत बसले.

सुब्बण्णांचं घर कौलारू, लांब ओसरीचं. पायरी चढण्याआधीच त्यांच्या पत्नीने, पार्वतीअक्कांनी, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढे केलं. आमच्या घरातही पूर्वी पाहुण्याला गूळपाणी द्यायचे. आता आम्ही विचारतो, "चहा की कॉफी?" आणि पाहुणा "काही नको" म्हणाला तर मनातून बरं वाटतं. इथे विचारण्याची पद्धतच नाही. दुपारी केळीच्या पानावर तांदळाचे वाफवलेले गोल कडबू आले, बांबूच्या कोंबांची आमटी आली, आणि पत्रोडे नावाने चक्क आमची अळूवडी आली. मी तसं म्हणालो. अक्का म्हणाल्या, "तुमची कशी? अळू आमच्या विहिरीवरचा आहे." त्यावर वाद घालायला मी तोंड उघडलं, तर त्यात त्यांनी आणखी एक वडी घातली.

सुब्बण्णा साठीचे, बुटके, बोलायला मऊ. जेवण झाल्यावर ते आपट्यांच्या शेजारी बसले आणि सहज म्हणाले, "तुमच्यासारख्या जाणकार माणसाने ही तारीख कशी घेतली? मी फोनवर अण्णांना सांगितलं होतं, दीपावलीनंतर या. आता धारेवर स्वतःचा हात दिसत नाही."

आपट्यांना कन्नड बोलायला अडखळतं, पण कळतं सगळं. त्यांनी पानावरून मान वर केली. "जाधव, तुम्ही म्हणालात विचारलं."

"विचारलं होतं."

"आणि यांनी काय सांगितलं?"

"हेच."

"मग?"

"मला वाटलं दर वाढवायला सांगतायत."

सुब्बण्णांनी मराठी कळत नसूनही सुपारी कातरणं थांबवलं. आपटे ओरडतील अशी मी वाट बघत होतो. ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते मला माहीत आहे, दुप्पट ओरडायचं. ते फक्त म्हणाले, "मला सांगितलं असतंत तर मी ऑपरेशन पुढे ढकललं असतं. महिना-दोन महिने हा गुडघा रेटला असता मी."

मग ते हात धुवायला उठले. उठताना त्यांनी खांब धरला. मी बसल्या जागी शरमेने काळा पडलो आणि शरमलो की मला राग येतो, म्हणून सुब्बण्णांवर भडकलो. "तुम्ही जरा जोर देऊन सांगायचं ना!"

"दोनदा सांगितलं, अण्णा," ते म्हणाले. "तुम्ही दर वेळी दराचंच बोललात."

दुसरा दिवस

घरापासून धारेपर्यंत अर्धा तास चढ. आपट्यांना पाऊण तास लागला. एका हातात काठी, दुसरा सुब्बण्णांच्या खांद्यावर. मी मागून दुर्बीण, कॅमेरा, छत्री, थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन. हमाली मी मागून घेतली होती. माफी मागण्याची माझी पद्धत ही अशी आहे, जड सामान उचलायचं.

या वाटेवर जळवांशी ओळख झाली. पावसाळी जंगलात जळवा असतात हे ऐकून होतो, पण त्या उभ्या राहून वाट बघतात हे माहीत नव्हतं. गवताच्या पात्यावर शेपटीवर उभी, तोंड हवेत फिरवत, दुकानाच्या दारात गिऱ्हाईक शोधणाऱ्या नोकरासारखी. सुब्बण्णांनी आम्हाला पायांना लावायला चुन्यात मळलेली तंबाखू दिली होती. आपट्यांनी लावली. मी म्हटलं, माझे मोजे जाड आहेत. धारेवर पोचेपर्यंत जाड मोज्यांत सात जणी राहायला आल्या होत्या. मी जे शब्द वापरले ते दोन्ही भाषांतले होते. सुब्बण्णा कन्नड शब्दांना हसले, आपटे मराठी शब्दांना.

धारेवर एक सपाट खडक आहे. त्याच्या पुढे दरी असावी. सुब्बण्णांनी सांगितलं म्हणून मानायचं, कारण खडकाच्या कडेला जग संपून पांढरं सुरू होत होतं. आपटे खुर्चीवर बसले. आम्ही चार तास त्या पांढऱ्याकडे बघितलं. एका बाजूने कस्तूर शीळ घालत होता, एखादा रिकामटेकडा मुलगा गाण्याची पहिली ओळ विसरून पुन्हा पुन्हा सुरुवात करतो तशी. मग वरून कुठून तरी लांब, तीन सुरांची किंकाळी आली.

"सर्पगरुड," आपटे म्हणाले.

"न बघता?"

"आवाज त्याचाच."

"म्हणजे हे मंजूर?" माझा आवाज चढलाच.

"तो दुर्मीळ नाही, जाधव. त्याला साक्षीदार लागत नाही."

मी सुब्बण्णांकडे वळलो. "हे धुकं उठणार कधी?"

"दीपावलीनंतर."

"तसं नाही, आज कधी?"

ते हसले. "आज स्वल्प हलेल कधीतरी. दोन मिनिटं, एक मिनिट. त्याच्या मर्जीवर आहे."

दुपारी मी आपट्यांना अर्धा कप कॉफी ओतून दिली. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्ही दुकान एकट्याने उभं केलंत ना? भाव करायला शिकलात कुठे?"

मी सांगितलं. मालक मजुरी ठरवताना म्हणायचा, धंदा मंदा आहे. दोन वर्षं मी ते खरं मानलं. मग एकदा त्याच्या गल्ल्याशी बसलो आणि कळलं, कधीच मंदा नव्हता. तेव्हापासून समोरचा माणूस जे म्हणेल त्यामागे काय आहे ते बघायचं, हा नेम.

"आणि नेहमी काहीतरी असतंच मागे?"

"बहुतेक वेळा," मी म्हणालो. माझ्या मागे सुब्बण्णा उभे होते, म्हणून जास्त बोललो नाही.

परतताना आपटे दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि थंडी तर अशी होती की माझे दात वाजत होते. सुब्बण्णांनी त्यांचा पाय पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या शेवटचं. परवा यांना चढवणार नाही मी." त्यात घासाघीस नव्हती. मी करूनही पाहिली नाही. माझ्या आयुष्यातला हा एक विक्रम समजावा.

तिसरा दिवस

पुन्हा तोच खडक, तीच खुर्ची, तेच पांढरं. या वेळी मी तंबाखू मोज्यांच्या वरपर्यंत थापली होती. कॅमेरा ओला होऊ नये म्हणून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून माझ्या पोटाशी धरला होता. सुब्बण्णा खाली बागेत मजुरांना काम लावून देऊन येतो म्हणाले. आम्ही दोघेच.

नऊ वाजले. दहा वाजले. एक जळू तंबाखूची हद्द ओलांडून थेट मांडीपर्यंत पोचलेली आढळली. मी वाकलो, पँट वर सारली आणि तिच्याशी बोलू लागलो. बोलण्यात रंग भरत होता, तेवढ्यात आपट्यांचा आवाज आला. ओरडणं नव्हतं, कुजबूज होती.

"जाधव. वर."

मी ताठ झालो तोवर धुक्यातली फट मिटत होती. एक निळसर पट्टा, दरीपलीकडचं झाड, आणि पुन्हा पांढरं. काही नाही.

आपटे खुर्चीतून उठून उभे होते, काठीशिवाय. हात दुर्बिणीपाशी अर्ध्यात थांबलेला. तोंड उघडं. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर मी असं काही पाहिलेलं नव्हतं. सुमनला पहिली मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या आरशात माझा चेहरा बहुधा असा होता.

"तोच," ते म्हणाले. "जाधव, तोच होता. समोरून गेला. चार-पाच सेकंदं."

"तांबड्या पोटाचा?"

"तोच." आणि मग ते खाली बसले, कारण गुडघ्याला आपण उभे आहोत हे समजलं.

मी त्यांचा हात हातात घेतला. खरोखर आनंद झाला मला. साधारण मिनिटभर. मग डोक्यातला दुकानदार जागा झाला. फोटो नाही, कॅमेरा दोन पिशव्यांत. साक्षीदार एकच. त्यांच्याच नियमाने नामंजूर. म्हणजे या क्षणी आपट्यांना ज्या वस्तूची गरज आहे ती अख्ख्या जगात फक्त माझ्याकडे आहे.

"आपटेसाहेब," मी म्हणालो, "दुसरा साक्षीदार मी. मीही पाहिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी वर बघितलंच होतं की. थोडा उशीर झाला एवढंच. वहीत माझी सही. आणि त्याच वहीत, मागच्या पानांवर, माझा काळा गरुड आहे. त्यावर तुमची. दोघांचं काम होईल."

इतका स्वच्छ सौदा मी उभ्या आयुष्यात मांडला नव्हता. आपटे लगेच नाही म्हणाले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यांना मोह झाला. बराच वेळ ते काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिले. तीस वर्षं आणि एक गुडघा त्या मुठीत होता.

मग म्हणाले, "बरं. साक्षीदाराला मी विचारतो तसं विचारतो. काय पाहिलंत सांगा."

मला पुस्तक पाठ होतं. मी सुरू झालो. डोकं काळं, डोळ्यांच्या खालपर्यंत टोपी घातल्यासारखं. गळा आणि छाती पांढरीशुभ्र. पोट विटेच्या रंगाचं, त्यावर बारीक काळ्या रेघा. पंख डावीकडे कलते, मग एक वळण, मग झाडामागे.

"झकास," आपटे म्हणाले. "माझ्यापेक्षा किती तरी चांगलं सांगितलंत. मला पोट दिसलं नाही."

"काय?"

"गळा दिसला. पांढरा, काळ्या डोक्याखाली. पोट पलीकडच्या बाजूला होतं. तोच होता, मला शंका नाही. पण पोट मी पाहिलं नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "आता तुमचा काळा गरुड सांगा. मी त्या रविवारी नीट ऐकला नव्हता. तुमचा राग आधी ऐकू आला."

दोन वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. मी सुरुवात केली. लांब काळे पंख. टोकाला बोटांसारखी पिसं. पिवळे पाय. सरळ शेपू—

तिथे माझा मला आवाज ऐकू आला. हा तोच आवाज होता, आत्ता मिनिटभरापूर्वीचा, न पाहिलेलं पोट विटेच्या रंगाने रंगवणारा. तीच लय, तीच खात्री. कोणता माल खरा आणि कोणता बनवलेला, हे माझं मलाच वेगळं काढता येईना.

"शेपूट," आपटे म्हणाले. घारीच्या शेपटीला खाच असते, गरुडाच्या नसते. सगळी केस त्या शेपटीवर होती. "सरळ होती?"

मी म्हणालो, "टाकी मध्ये आली."

"म्हणजे?"

"पंख दिसले. मोठे होते, काळे होते. शपथ घेतो. शेपूट यायच्या आत तो टाकीमागे गेला. पलीकडे धावलो तोवर लांब पोचला होता." आणि खरं बोलायला लागलोच होतो म्हणून, "पाय पिवळे होते की नाही तेही आता सांगता येत नाही. पहिल्या वेळी सांगताना नव्हते बहुतेक. व्याह्यांना सांगताना आले."

आपटे हसले नाहीत. हसले असते तर मी त्यांना खुर्चीसकट उचललं असतं. ते म्हणाले, "मोठे पंख, काळे. गरुड असू शकतो."

"घारही असू शकते," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून निघाले, याला फक्त आपटे साक्षीदार आहेत.

सुब्बण्णा वर आले. आम्ही दोघं न बोलता बसलेलो पाहून त्यांना वाटलं काहीच दिसलं नाही. ते म्हणाले, "मी सांगितलं होतं—"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "दोनदा."

निघताना मी त्यांना हंगामाचा दर देऊ केला. त्यांनी घेतला नाही. "ठरलं ते ठरलं," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव वर नेण्यासाठी भांडलो आणि हरलो. पार्वतीअक्कांनी गाडीत अळूची पानं टाकली. सुमनने त्यांच्या वड्या केल्या आणि खाऊन म्हणाली, "पानं चांगली आहेत." याहून मोठी कबुली तिच्याकडून मिळत नाही.

परत तळ्यावर

पुढच्या रविवारी आपट्यांनी मंडळापुढे वही उघडली. ऑपरेशनला चार दिवस उरले होते. आधी त्यांनी माझं पान काढलं आणि मी सांगितल्याप्रमाणे बाजूला लिहिलं: "शेपूट दिसली नाही." मग नव्या पानावर आपली नोंद वाचून दाखवली. ठिकाण, वेळ, पांढरा गळा, काळं डोकं. पोट दिसलं नाही. फोटो नाही. साक्षीदार एक.

"त्यामुळे नामंजूर," ते म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं.

माझं डोकं सटकलं. का ते आजही नीट सांगता येत नाही. "थांबा!" मी ओरडलो. तळ्यावरची बदकं उडाली. "तीस वर्षं! तो गुडघा घेऊन! या माणसाला पक्षी कळत नाही का? यांनी पाहिला म्हणजे पाहिला! मंजूर करा!"

"जाधव, बसा."

"बसणार नाही. मी होतो तिथे. दुसरा साक्षीदार मी आहे!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपट्यांनी पेन हवेतच धरलं. "तुम्ही काय पाहिलंत?"

मी तोंड उघडलं. विटेचा रंग जिभेवर आला होता. तो गिळला.

"तुमचा चेहरा," मी म्हणालो.

आपट्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग वहीकडे वाकून त्यांनी "नामंजूर" लिहिलं, स्वच्छ अक्षरांत, नेहमीसारखं. खाली आपली सही केली आणि साक्षीदाराच्या जागी माझं नाव लिहून त्यापुढे, माझ्याकडे न बघता, लिहिलं: "पक्षी पाहिला नाही. निरीक्षकाला पाहिलं."

आणि वही सहीसाठी माझ्याकडे फिरवली.